एक ठिपका की दोन

आमच्या अंगणात गोडलिंबाचं डवरलेलं झाड आहे, आणि तरीही कित्येक वर्षं मी फोडणीसाठी गोडलिंब बाजारातून विकत आणला. पुण्याकडचे लोक त्याला कढीपत्ता म्हणतात. झाडावर अळ्या झाल्या होत्या. काळ्या-पांढऱ्या, ओलसर, चिमणीची शिट पडावी तशा दिसणाऱ्या. दुसऱ्या कोणत्याही घरात लोकांनी फांदी तोडली असती, नाहीतर राखोडी टाकली असती. आमच्या घरी साहेब आले. चष्मा कपाळावर चढवून झाडात डोकं घालून बराच वेळ उभे राहिले आणि मग माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, या झाडाची पानं आता तुमची नाहीत."

मी तिथेच उभा होतो. झाड मी लावलेलं, पाणी मी घालत होतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

साहेब म्हणजे आमच्या बँकेतले माझे वरिष्ठ. गोल बाजारच्या शाखेत मी नवा लागलो तेव्हा चेकवरची सही तपासून चेक पास करायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ते शिकायला मला त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं होतं. तिथून जे त्यांच्या शेजारी बसलो ते त्यांच्या निवृत्तीनंतरही उठता आलं नाही. त्यांचं घराणं भोसल्यांच्या वेळेपासून रायपुरात, माझं वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे अमरावतीकडून आलेलं. तरी ते बोलायचे माझ्या आजोबांसारखं, आणि मी त्यांच्याशी बोलताना प्रमाण मराठी वापरायचा प्रयत्न केला की म्हणायचे, "काहून रेडिओसारखा बोलून राहिला?"

सहीच्या बाबतीत हा माणूस म्हणजे शाखेला शिक्षा होती. गोल बाजारातले एक भांड्यांचे शेठजी होते, साहेबांच्या रोजच्या नमस्काराचे. त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. घरच्यांनी त्यांची डाव्या हातानं केलेली सही घेऊन चेक पाठवला. साहेबांनी परत केला. शेठजींचा मुलगा येऊन काउंटरवर मूठ आपटून गेला. मॅनेजर स्वतः केबिनमधून उठून आले, म्हणाले, तुम्ही या माणसाला रोज भेटता, आता पास करून टाका. साहेबांनी त्यांना हिंदीत उत्तर दिलं, "सेठजी को पहचानता हूँ. दस्तख़त को नहीं."

संध्याकाळी बँक बंद झाल्यावर हेच साहेब शेठजींच्या दुकानात गेले. पितळेच्या गुंड-घागरींच्या मधोमध स्टुलावर बसले, आणि शेठजींची डाव्या हाताची सही स्थिर होईपर्यंत त्यांच्याकडून ती पुन्हा पुन्हा करून घेतली. मग नवा नमुना स्वतः बँकेत आणून लावला. मलाही सोबत नेलं होतं. माझ्या घरी पाहुणे येणार होते, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

लग्नात, बारशात लोक त्यांच्यासमोर येऊन हसत उभे राहायचे आणि विचारायचे, ओळखलं का? माणूस अशा वेळी हो म्हणतो. साहेब चेहरा नीट पाहून म्हणायचे, "अंदाज आहे." बस्स. त्यांच्या सख्ख्या मावसभावाला ते असं म्हणालेले मी ऐकलं आहे. फोन केला आणि नाव सांगितलं तर विचारायचे, "कोणता?" माझ्या नावाचा दुसरा कोणी त्यांच्या ओळखीत नव्हता.

अशा माणसाला फुलपाखरं भेटली, हे आमचं दुर्दैव.

आवड जुनीच होती. शाखेच्या मागे सायकल स्टँडच्या भिंतीला रुईची झाडं होती, तिथे केशरी रंगाची, काळ्या काठाची फुलपाखरं सदा घिरट्या घालायची. इंग्रजीत त्यांना प्लेन टायगर म्हणतात. अळी रुई खाते, म्हणून फुलपाखरू कडू होतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि म्हणून ते इतकं निवांत उडतं, असं साहेब चहाच्या सुट्टीत सांगायचे. अशाच एकाचा त्यांनी फोटो काढला होता, फ्रेम करून दिवाणखान्यात लावला होता, खाली सुंदर अक्षरात नाव लिहिलं होतं. कित्येक वर्षं तो तिथे होता. एकदा त्यांच्या घरी बाहेरगावची एक संशोधक मुलगी जेवायला आली. हात धुऊन परत येताना तिनं फोटो पाहिला आणि सहज म्हणाली, हे प्लेन टायगर नाही, हे त्याच्यासारखी दिसणारी दुसऱ्याच जातीची मादी आहे. डॅनेड एगफ्लाय. कडू नसते, फक्त कडू फुलपाखराचा वेष घेते. मग तिनं बोट ठेवून दाखवलं. खऱ्या प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात. या फोटोतल्या मागच्या पंखाला एकच होता, तोही वरच्या काठाशी.

जेवण झालं की नाही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा भिंतीवर फ्रेमच्या जागी पांढरा चौकोन होता आणि साहेब त्याच्याकडे पाहत बसले होते. "जन्मभर लोकांच्या सह्या तपासल्या," ते म्हणाले, "अन् घरात खोटी सही टांगून ठेवली."

मी म्हटलं, साहेब, पक्षीसुद्धा फसतात.

"पक्ष्यांना कोणी पगार देत नव्हतं," साहेब म्हणाले.

त्यानंतर त्यांचं जे झालं ते आम्ही सगळ्यांनी भोगलं. निवृत्त झाल्यावर तर त्यांना दुसरं काम उरलं नाही. पत्नी आधीच गेल्या होत्या, मुलगा बंगळुरूला. त्यांनी पंडरीच्या कापडबाजारातून पांढरं मांजरपाट आणून काळ्या छत्रीला आतून अस्तर शिवून घेतलं. फुलपाखरावर ऊन थेट पडलं तर खुणा पुसट दिसतात, छत्रीखाली स्वच्छ दिसतात, म्हणून. ती छत्री धरायला माणूस लागायचा. तो मी. रविवारी सकाळी लोक पोहे खात असतात तेव्हा मी गुढ़ियारीत मालधक्क्याच्या मागे, रुळांच्या कडेला, रुईच्या झुडपावर छत्री धरून उभा असायचो. येणारे-जाणारे हमाल थांबून विचारायचे, भैया, क्या हो गया? साहेब त्यांना हातानं गप्प राहायची खूण करायचे.

"एक खूण म्हणजे अफवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणीही कुठलंही नाव घेतलं की ते दुसरी खूण मागायचे. शहरात फुलपाखरं पाहणाऱ्यांचा एक क्लब होता, एक दातांचे डॉक्टर त्याचे अध्यक्ष. लोक मोठाल्या लेन्सा घेऊन यायचे, हौसेनं फोटो टाकायचे, एकमेकांना वा वा म्हणायचे. साहेब त्या ग्रुपवर एकच शब्द लिहायचे: नामंजूर. कारण विचारलं तर कारण लिहायचे, ते फोटोपेक्षा मोठं असायचं. बऱ्याच जणांनी फोटो टाकणं सोडलं. डॉक्टरांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या साहेबांना जरा समजवा. जसा काही मी त्यांचा पालक होतो.

आता माझ्या बायकोबद्दल सांगतो, कारण तिच्याशिवाय साहेब पुरे होत नाहीत.

ती शाळेत गणित शिकवायची. तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग केमो. केस गेले, भुवया गेल्या, शाळा सुटली. ती खोलीतून बाहेर यायची नाही. भेटायला माणसं यायची, फळं आणायची, आणि जिच्या चेहऱ्यावर काही उरलं नव्हतं तिला सांगायची, अगं, तेज आलं आहे तुझ्या चेहऱ्यावर. ती भिंतीकडे पाहत बसायची. मीही तेच करत होतो, मी का लोकांना नावं ठेवू. चमचाभर वरण पोटात गेलं तरी मी तिचं कौतुक करायचो.

साहेब आले ते तब्येत न विचारता खिडकीशी जाऊन उभे राहिले. खिडकीबाहेर तेच गोडलिंबाचं झाड. तिथे एक मोठं काळं फुलपाखरू फिरत होतं. साहेबांनी मागे न वळता विचारलं, "वहिनी, ते काय आहे?"

ती म्हणाली, काळं आहे, मागच्या पंखावर लाल आणि पांढरं आहे.

"अंगाचा रंग?"

"म्हणजे?"

"पंख सारखेच असलेली दोन फुलपाखरं आहेत. एकाचं अंग लाल, एकाचं काळं. लाल असलं तर ते विषारी, कॉमन रोज. काळं असलं तर मॉर्मन नावाच्या दुसऱ्या जातीची मादी, त्याची नक्कल करणारी. अंगाचा रंग काय होता?"

ती म्हणाली, इथून दिसत नाही.

"मग जवळ जा," साहेब म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले.

मी फाटकापर्यंत त्यांच्यामागे गेलो. संतापलो होतो. म्हटलं, साहेब, ती पलंगावरून उठत नाही हो. त्यांनी मला विचारलं, डॉक्टरांनी उठायला मनाई केली आहे का. मी म्हटलं, नाही, पण. ते म्हणाले, "मग पण कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी बँकेतून आलो तर ती डोक्याला रुमाल बांधून अंगणात पायरीवर बसली होती. मला पाहून म्हणाली, "काळं आहे." आणि लगेच, जरा चिडून, "पण उडताना पाहिलं. बसलेलं पाहायला पाहिजे."

मला वाटलं होतं की चला, साहेबांचा एक उपयोग झाला. पण त्यांना प्रमाणात काही करताच येत नव्हतं. तिनं मोबाईलवर फोटो काढायला सुरुवात केली आणि साहेबांनी ते नामंजूर करायला सुरुवात केली. पहाटे सहाला फोन वाजायचा. पंखावर डोळ्यासारख्या खुणा असलेली एक तपकिरी, बारीक जात असते, तिच्यात कुणाला तीन, कुणाला चार, कुणाला पाच डोळे. ते मोजण्यावरून या दोघांची भांडणं व्हायची, आणि उन्हाळ्यात ते डोळे आकसून नुसते टिंब होतात म्हणून उन्हाळ्यात जास्तच व्हायची. केमोच्या दुसऱ्या दिवशी, उलट्या होत असताना, ती त्यांना फोनवर सांगत होती की तुम्ही चष्मा बदला. मी फोन घेऊन बंद केला. ती माझ्यावर रागावली.

पावसाळा संपता संपता नव्या रायपुराच्या रस्त्यावर एका तलावाच्या बांधावर आम्ही गेलो होतो. त्या दिवशी साहेब नव्हते. बांधावर चरोटा, म्हणजे टाकळा, माजला होता आणि त्यावर लहान पिवळी फुलपाखरं शेकड्यांनी. सगळी एकसारखी. बसली की पंख मिटून बसतात. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाशी, बारीक तपकिरी ठिपके असतात. नेहमीच्या जातीला दोन. तीन असले तर वेगळी जात. आणि एकच असला तर आणखी वेगळी, आमच्याकडे कुणी पाहिल्याचं ऐकिवात नसलेली. घरी येऊन तिनं फोटो मोठे केले आणि एका फोटोवर थांबली. एकच ठिपका होता.

तिनं तो क्लबच्या ग्रुपवर टाकला. डॉक्टरांनी आनंदानं उडीच मारली. बाहेरच्या एकदोन जाणकारांनी, असू शकेल, असं लिहिलं. रायपूरची पहिली नोंद म्हणून मराठी मंडळाच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. फोटोचं मोठं पोस्टर, शाल, श्रीफळ, पत्रकार. साहेबांनी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. ते न लिहिणं मला ओळखीचं होतं. पास न करता बाजूला ठेवलेला चेक.

तिचं स्कॅन कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात होतं. ट्रीटमेंट लागू पडली की नाही ते त्यात कळणार होतं. दवाखान्यातले डॉक्टर फार बोलत नव्हते, आणि जे बोलत होते त्यावरून मी रात्री झोपत नव्हतो. मी साहेबांच्या घरी गेलो. त्यांना म्हटलं, आयुष्यात तुमच्याकडे काही मागितलं नाही. या रविवारी कार्यक्रमाला येऊ नका. आलात तर बोलू नका. तिला एवढा एक दिवस मिळू द्या.

साहेबांनी तिचा फोटो संगणकावर उघडलेलाच होता. त्यांनी तो आणखी मोठा केला.

"तुले काय वाटते," ते म्हणाले, "वहिनी आता राहणार नाही?"

मी पडद्यावरच्या त्या एका ठिपक्याकडे पाहू लागलो.

"तुले तसं वाटत असन तर तू वाजव टाळ्या. मी नाही वाजवणार. मी तिले तसं धरून चालत नाही."

मी उठून निघून आलो. रस्त्यावर गाडी सुरू करताना या माणसाला पुन्हा घरात पाऊल ठेवू द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

रविवारी ते आले. दुसऱ्या रांगेत, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट. बायको मंचावर बसली होती, निळी साडी, डोक्यावर त्याच रंगाचा स्कार्फ, त्याखाली नुकतेच उगवू लागलेले केस. डॉक्टरांचं भाषण झालं. शाल उलगडली. साहेब उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले की पोस्टरबद्दल बोलायचं आहे.

डॉक्टर हिंदीत म्हणाले, अंकल, आज रहने दीजिए.

साहेब पोस्टरजवळ गेले. "मागचा पंख पुढच्या पंखावर चढलेला आहे," ते म्हणाले. "इथपर्यंत झाकलेलं आहे. दुसरा ठिपका त्याच्याखाली असू शकते. नसूही शकते. या फोटोवरून सांगता येत नाही. कोणालेच नाही."

बायको मंचावरून म्हणाली, मी प्रत्यक्ष पाहिलं आहे, एकच होता.

"कोणत्या बाजूनं पाहिलं? डावी का उजवी?"

तिनं वळून पोस्टरकडे पाहिलं. साहेब आपल्या जागेवर येऊन बसले, जसं काही फक्त तारखेची चूक दाखवून आले होते. डॉक्टरांनी काहीतरी बोलून कार्यक्रम आटोपला. शाल कुणाच्या खांद्यावर गेलीच नाही. गाडीत ती घरापर्यंत रडली आणि मी साहेबांना जे जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर ती टोपी घालून, पाण्याची बाटली भरून दारात उभी. बांधावर जायचं म्हणाली. "मले उत्तर देता आलं नाही," ती म्हणाली. "अहो, मी खरंच फक्त एक ठिपका पाहिला अन् घरी आली. दुसरी बाजू पाहिलीच नाही." तिनं साहेबांना आधीच फोन केला होता. रस्त्यात त्यांच्या घरासमोर थांबायचं होतं. गाडी अर्थात मीच चालवणार होतो.

साहेब छत्री घेऊन फाटकाशी उभे होते. मागे बसले. माझ्याशी त्यांना बोलायचं कारणच नव्हतं.

मग सुरू झालं ते थांबेना. सुट्टी मिळेल त्या सकाळी आम्ही त्या बांधावर. पिवळं फुलपाखरू एका जागी बसत नाही, बसलं तर क्षणभर, आणि बसलं तर मागचा पंख वर. ही दोघं चिखलात गुडघे टेकून, मी छत्री धरून. तिकडून बैल घेऊन जाणारा एक म्हातारा दर वेळी विचारायचा, मिलिस का, म्हणजे मिळालं का? आणि साहेब त्याला छत्तीसगढीत सांगायचे, अभी नई. तो म्हणायचा, हव, आणि पुढे जायचा. माझ्या पॅंटा चिखलानं गेल्या, मानेचं दुखणं सुरू झालं. मी एकदा साहेबांना म्हटलं, समजा एक ठिपका निघाला, समजा दोन निघाले, कुणाचं काय बिघडणार आहे? त्यांनी मला छत्री जरा डावीकडे घ्यायला सांगितली.

स्कॅनचा रिपोर्ट मिळाला त्या दिवशी आम्ही दवाखान्यातून निघालो. मी पार्किंगमध्ये रिपोर्ट वाचला, मग डॉक्टरांना पुन्हा जाऊन विचारून आलो. चांगला होता. आजार परत दिसत नव्हता. मी गाडीच्या स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. ती म्हणाली, घरी जाताना बांधावरून जाऊ, साहेब तिथे आले असतील.

ते होते. तिनं त्यांना जाऊन सांगितलं की रिपोर्ट चांगला आला. दवाखान्यातून निघताना ज्यांना ज्यांना फोन केले ते सगळे म्हणाले होते, आम्हाला माहीतच होतं. साहेबांनी विचारलं, "पूर्ण वाचला?" आणि हात पुढे केला. चिखलात उभे राहून त्यांनी पाकीट उघडलं. वर तिचं नाव पाहिलं. वय पाहिलं. तारीख पाहिली. ऑपरेशनची बाजू पाहिली. "डावी बाजू," स्वतःशीच म्हणाले, "बरोबर." मग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं, पान उलटून मागची बाजू कोरी आहे याची खात्री केली, आणि घडी घालून तिच्या हातात दिलं.

"हो," ते म्हणाले. "जुळते."

मग ते तलावाकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही दोघंही त्यांच्या पाठीकडे पाहत राहिलो. बराच वेळ ते मागे वळलेच नाहीत. शेवटी ती म्हणाली, साहेब, ऊन चढून राहिलं, आणि ते लगेच खाली वाकून चरोट्यात पाहू लागले.

दिवाळीच्या जरा आधी, त्याच कोपऱ्यात, एक पिवळं फुलपाखरू ओल्या मातीवर बसलं आणि चक्क बसून राहिलं. आधी ठिपका एकच दिसत होता. माती चोखता चोखता त्यानं मागचा पंख हळूच खाली सोडला. दुसरा ठिपका बाहेर आला. अगदी फिका, चहाच्या डागासारखा. तिनं डावी बाजू घेतली, फिरून उजवी घेतली. दोन्हीकडे दोन. नेहमीचीच जात.

मी म्हटलं, झालं, म्हणजे पोस्टरवरचं तेही हेच होतं.

"तसं कसं?" साहेब म्हणाले. "हे हे आहे. ते वेगळं होतं. त्याच्याबद्दल काय म्हणता येते? काही नाही."

"म्हणजे एवढं सगळं करून?"

"नाही ठरवता येत."

मी छत्री तिथेच खाली टाकली. खरंच टाकली. आणि माझी बायको हसायला लागली. चिखलात बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आजार आल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. साहेब गोंधळून आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होते. घरी येऊन तिनं क्लबला स्वतः कळवलं की नोंद मागे घ्यावी, जात ठरवता येत नाही. डॉक्टर त्यानंतर आम्हा तिघांशीही बोलेनासे झाले.

साहेब गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेतच. मुलगा बंगळुरूहून आला. मंडळाच्या त्याच सभागृहात शोकसभा झाली, आणि लोक चांगलं बोलले. बँकेतल्या एकानं त्यांना अजातशत्रू म्हटलं. डॉक्टर आले होते, तेही म्हणाले की अंकल फार मृदू स्वभावाचे, त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही. सगळे माना हलवत होते. मुलगा पहिल्या रांगेत हात जोडून बसला होता. माझी बायको माझ्या शेजारची खुर्ची सोडून उठली. मी तिचा पदर धरला, तिनं तो सोडवून घेतला.

"इथे जे बोलले ते फार चांगलं होतं," ती माइकवर म्हणाली. तिचे केस आता खांद्यापर्यंत आले आहेत. "पण ते साहेब नव्हते. साहेबांनी मला याच जागी सगळ्यांसमोर खोटं पाडलं. मी घरी जाईपर्यंत रडली. माझे फोटो त्यांनी नापास केले, एक नाही, जवळजवळ सगळेच. मी आजारी होती तेव्हा एकदाही तब्येत विचारली नाही. बाकी सगळे लोक तेव्हा माझ्याशी फार गोड बोलत होते. मी निघालीच आहे, असं समजून बोलत होते. साहेब एकटे माझ्याशी भांडत होते. जो उद्या असणार नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही."

ती येऊन खुर्चीत बसली. लगेच दोन मिनिटं शांतता पाळून सभा संपवली.

लोक बाहेर पडत असताना साहेबांचा मुलगा आमच्याकडे आला. त्याला मराठी सगळं कळतं, बोलतो हिंदीतच. डोळे लाल झाले होते. तिला म्हणाला, "आंटी, थैंक यू. मुझे लग रहा था मैं किसी और की शोकसभा में बैठा हूँ."

मग एक खुर्ची ओढून तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, अंकल, आप तो सबसे ज़्यादा साथ रहे. आप बताइए, और क्या-क्या करते थे?

मला वाटलं होतं, दोन शब्द बोलून उठावं. पण एकदा तक्रार सांगायला लागलो आणि एकीतून दुसरी निघत गेली. सतरंज्या गोळा करणारा माणूस सगळ्या गुंडाळून आमच्या पायांपाशी येऊन थांबला. आमच्या खुर्च्या शेवटच्या सतरंजीवर होत्या. मी त्याला हातानं थांबायला सांगितलं आणि बोलत राहिलो.